विदुषी हवी, विद्यालय नको

इंग्लंडातल्या जुन्या विदुषींबद्दल दोन कथा सांगितल्या जातात आणि दोन्ही फार सोप्या आहेत. पहिल्या कथेत चर्च हा खलनायक. पाद्र्यांनी बाईला शिकू दिले नाही, तरी काही जणी हिकमतीने शिकल्या आणि लिहित्या झाल्या. दुसऱ्या कथेत तेच पाद्री उदार पालक होतात. एखाद्या डीनने हस्तलिखिते दाखवली, एखाद्या बिशपने वर्गणीदार मिळवून दिले आणि विदुषी घडली. दोन्ही कथा एकमेकींशी भांडतात, पण त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो, तो म्हणजे आश्रयदाता मनाने कसा होता.

माझ्या मते हा प्रश्न आपल्याला कुठेही नेत नाही. साधारण १६९० ते १८०० या काळात इंग्लंडातल्या पाद्र्यांनी अनेक विदुषींना मदत केली, आणि बहुतेकांनी ती मनापासून केली. पण या मदतीला एक ठराविक साचा होता. एकट्या, अपवाद ठरलेल्या बाईला होकार मिळे. तिच्यासारख्या दहाजणींना एकत्र राहून शिकता येईल अशी जागा, तिला स्वतःचे पद, तिच्या हक्काचे उत्पन्न, असे काही मागितले की नकार. तेव्हा तपासायचे ते आश्रयाचे रूप. मदत ओळखीत मिळाली, पुस्तकांत मिळाली, छपराखाली मिळाली की रोख मिळाली? ती कोणाच्या नावावर होती? आणि देणारा मेला किंवा रुसला तर बाईच्या हातात काय उरले?

१. ग्रीक पाद्र्याच्याच घरात का होते

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे बायकांना बंद होती हे सर्वांना माहीत असते. त्यामानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की तिथल्या कॉलेजच्या फेलोला लग्न करता येत नसे. संसार करायचा तर फेलोशिप सोडायची आणि कॉलेजच्या किंवा एखाद्या जमीनदाराच्या हातातली पॅरिश रिकामी होण्याची वाट पाहायची. पॅरिश मिळाली की दशमांशाचे उत्पन्न आणि राहायला घर, मग बायको. म्हणजे इंग्लंडातल्या विद्येचा मोठा हिस्सा दर पिढीला विद्यापीठातून उठून, पुस्तकांच्या पेट्यांसह, खेड्यातल्या नाहीतर बंदरातल्या पाद्र्याच्या घरी बिऱ्हाड करत होता. त्या घरातल्या मुलींच्या कानांवर लॅटिन पडत होते. चर्चने मुलींना शिकवायचे ठरवले म्हणून हे घडले नाही. ब्रह्मचर्याच्या एका नियमाचा तो अनपेक्षित परिणाम होता.

केंट परगण्यातल्या डील या बंदरात निकोलस कार्टर नावाचा पाद्री होता. त्याने मुलामुलींत भेद न करता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवले. त्याची थोरली मुलगी एलिझाबेथ (१७१७–१८०६) इतकी मंद वाटली की हा नाद सोड असे त्याने तिला सुचवून पाहिले. तिने सोडला नाही. रात्री जागण्यासाठी ती तपकीर ओढायची, डोक्याला ओला पंचा बांधायची, हिरव्या चहाची पाने चघळायची. पहाटे उठण्यासाठी उशाशी घंटा टांगली होती. घंटेची दोरी खिडकीतून खाली बागेत सोडलेली, आणि चर्चचा सेवक चार-पाचच्या सुमारास येऊन ती ओढायचा. तपकिरीची सवय तिला जन्मभर राहिली, डोकेदुखीही.

पण हीच व्यवस्था उलटीही फिरे. एलिझाबेथ एल्स्टॉब (१६८३–१७५६) आईवडिलांविना झाली आणि कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये मानाच्या जागेवर असलेल्या काकाकडे गेली. बाईला एक भाषा पुरे, असे या काकाचे मत होते. पुढे तिला वाचवले ते पाद्रीच असलेल्या थोरल्या भावाने. तिच्याच न्यूकॅसल गावच्या मेरी अ‍ॅस्टेलला (१६६६–१७३१) मात्र काका भला मिळाला, तोही पाद्री, आणि त्याने तिला शिकवले. एकाच गावच्या दोन मुलींचे नशीब कोणता काका वाट्याला येतो यावर ठरत होते. याला शिक्षणाची परंपरा म्हणणे धाडसाचे आहे.

२. पद गेलेला पंडित आणि पद नसलेली बाई

१६८८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजाराणीशी निष्ठेची शपथ घ्यायला सुमारे चारशे पाद्र्यांनी नकार दिला आणि जागा गमावल्या. त्यांत कँटरबरीचा आर्चबिशप सँक्रॉफ्ट होता आणि वूस्टरचा डीन जॉर्ज हिक्सही होता. डीनपद गेल्यावर हिक्सने प्राचीन उत्तरी भाषांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला; तो १७०३ ते १७०५ या काळात ऑक्सफर्डहून निघाला. अँग्लो-सॅक्सन विद्येच्या अभ्यासकांची एक छोटी मंडळी त्याच्याभोवती जमली. त्यांत विल्यम एल्स्टॉब होता आणि त्याच्या लंडनच्या घरी राहणारी बहीण एलिझाबेथ होती.

हिक्स मोठ्या मनाचा होताच. मुलींच्या शिक्षणावरचे फेनेलाँचे फ्रेंच पुस्तक त्याने १७०७ मध्ये इंग्रजीत आणले होते. पण त्याची गरजही लक्षात घेतली पाहिजे. इंग्लंडचे चर्च रोमच्या छायेत वाढलेले नसून स्वतःच्या मुळांवर उभे आहे, हे दाखवायला जुन्या सॅक्सन प्रवचनांचा पुरावा लागत होता. ती भाषा वाचणारे हात मूठभर, आणि बढतीची आशा असलेला तरुण पाद्री पदच्युत डीनच्या वळचणीला कशाला येईल? बाईला पद मिळणारच नव्हते, त्यामुळे तिचे काही बुडणारही नव्हते. पद गमावलेल्या पंडिताची आणि पदाला अपात्र असलेल्या बाईची अशी सांगड बसली. हिला नुसते औदार्य म्हटले की तिच्यातली देवाणघेवाण दिसेनाशी होते.

एल्स्टॉबने या संधीचे सोने केले. १७०९ मध्ये सेंट ग्रेगरीवरचे जुने सॅक्सन प्रवचन तिने भाषांतर आणि टिपांसह छापले. त्याच्या वर्गणीदारांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. १७१५ मध्ये आले तिचे सॅक्सन व्याकरण. असली व्याकरणे तोवर लॅटिनमध्ये लिहिली जात. हिने लॅटिन न येणाऱ्या बायकांचा विचार करून ते इंग्रजीत लिहिले, आणि प्रस्तावनेत प्रत्यक्ष स्विफ्टच्या भाषाविषयक मतांचा समाचार घेतला. छापखान्याला १७१३ च्या जानेवारीत आग लागून सॅक्सन लिपीचे खिळे वितळले होते, म्हणून या पुस्तकासाठी सरन्यायाधीशाच्या खर्चाने नवे खिळे पाडण्यात आले.

आणि त्याच १७१५ मध्ये सारे संपले. मार्चमध्ये भाऊ गेला, वर्षाअखेरीस हिक्स गेला. घर भावाच्या पॅरिशमुळे होते, ते सुटले. पुस्तकांचे कर्ज अंगावर होते. ऑक्सफर्डला सुरू झालेली एल्फ्रिक या सॅक्सन लेखकाच्या प्रवचनांची मोठी आवृत्ती छत्तीस पानांवर थांबली. एल्स्टॉब सावकारांना चुकवून लंडनमधून नाहीशी झाली, आणि जवळपास वीस वर्षांनी सापडली ती ईव्हशम गावात लहान मुलांची शाळा चालवताना. तिला शोधून काढणारा जॉर्ज बॅलर्ड बायकांचे कपडे शिवणारा कारागीर होता. स्वतःच्या हौसेने सॅक्सन शिकलेला. तिच्या पुस्तकासाठी पाडलेले खिळे मात्र पुढे ऑक्सफर्डच्या छापखान्यात सुखरूप पोचले. खिळ्यांना जागा मिळाली, एवढेच म्हणतो.

तिच्या दोन्ही पाठीराख्यांत मला दोष दिसत नाही. दोघांनी जमेल ते सगळे केले. पण त्यांनी जे दिले ते सगळे त्यांच्या हयातीपुरते होते.

३. दहा हजार पौंडांचे काय झाले

मेरी अ‍ॅस्टेल विशीत लंडनला आली तेव्हा तिच्याकडे पैसा नव्हता. तिने थेट आर्चबिशप सँक्रॉफ्टला गाठले. त्याने मदत केली. १६८९ मध्ये तिने त्याला आपल्या कवितांची हस्तलिखित वही अर्पण केली. पुढे बेमर्टनचा पाद्री तत्त्वज्ञ जॉन नॉरिस याच्याशी तिचा ईश्वरप्रेमावर पत्रव्यवहार झाला, आणि नॉरिसच्याच आग्रहाने तो १६९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. बुद्धिमान बाईशी वाद घालण्यात नॉरिसला कमीपणा वाटत नव्हता.

आता हीच बाई संस्था मागते तेव्हा काय होते ते पाहा. १६९४ मध्ये अ‍ॅस्टेलने प्रस्ताव मांडला की लग्नाच्या बाजारापासून दूर, बायकांना एकत्र राहून अभ्यास आणि उपासना करता येईल असे निवासी विद्यास्थान काढावे. जन्मभराचे व्रत नाही; ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी बाहेर पडायची मुभा. बॅलर्डने नोंदवलेली हकीकत अशी की एक धनवान स्त्री त्यासाठी दहा हजार पौंड द्यायला निघाली होती, पण हा कॅथलिक जोगिणींचा मठ ठरेल असे सांगून बिशप बर्नेटने तिला परावृत्त केले. हकीकत ऐकीव आहे आणि बॅलर्ड अर्धशतकानंतर लिहीत होता, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवायला नको. पण प्रस्ताव मठासारखा आहे ही टीका मात्र उघड झाली होती, आणि विद्यास्थान निघाले नाही ही वस्तुस्थिती आहे. पुढे केंब्रिजजवळ हललेले बायकांचे पहिले निवासी कॉलेज सुरू व्हायला १८६९ उजाडले.

बर्नेट कर्मठ नव्हता, ही यातली मौज आहे. कॅथरिन ट्रॉटर कॉकबर्नने लॉकच्या बाजूने तत्त्वज्ञानाचे पुस्तक लिहिले, तिच्या हितचिंतकांत हाच बर्नेट होता. म्हणजे एकाच माणसाला विदुषी चालत होती, विद्यालय चालत नव्हते. त्याच्या स्वभावाचे पृथक्करण करून हे कोडे सुटणार नाही. सुटी विदुषी ही चर्चच्या गळ्यातला दागिना होती. तिच्यामुळे व्यवस्थेत काही हलत नव्हते, उलट व्यवस्था उदार दिसत होती. संस्था आली की तिचा कारभार, तिची जमीन, तिचे नियम आले, आणि ते कोण ठरवणार हा प्रश्न आला.

४. एक गिनी, हजार प्रती

एलिझाबेथ कार्टरची गोष्ट याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दिली जाते. तिला थॉमस सेकरचा आश्रय होता. आधी ऑक्सफर्डचा बिशप, १७५८ पासून कँटरबरीचा आर्चबिशप. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचे ग्रीकमधून भाषांतर तिने मैत्रीण कॅथरिन टॅल्बटच्या आग्रहाने हाती घेतले, आणि पाने लिहून होतील तशी ती सेकरकडे जात. भाषा गुळगुळीत नको, एपिक्टेटस रोखठोक बोलतो तसा इंग्रजीतही बोलू दे, हा सेकरचा सल्ला अस्सल जाणकाराचा होता. दुसरा सल्ला धर्मगुरूचा होता. स्टोइक विचाराने वाचक बहकू नये म्हणून ख्रिस्ती दृष्टीने त्याचे दोष दाखवणारा मजकूर जोडावा, असे सेकर आणि टॅल्बट दोघेही धरून बसले. कार्टरला आधी त्याची गरज वाटली नव्हती. शेवटी तिने तो लिहिला.

आश्रयाची किंमत अशी मजकुरात वसूल होते. पण मला महत्त्वाचा वाटतो तो हिशेब. पुस्तक १७५८ मध्ये आगाऊ वर्गणीने निघाले. वर्गणी एक गिनी, छापलेल्या प्रती १०१८, आणि त्या पुरेनात म्हणून आणखी अडीचशे काढल्या. कार्टरच्या हाती हजाराच्या जवळपास पौंड आले. १७६२ मध्ये तिने डीलमध्ये समुद्राकाठी घर घेतले, आणि ज्या बापाच्या घरात ती शिकली तो म्हातारपणी तिच्या घरात राहिला.

सेकरने वर्गणीदार जमवायला मदत केली होती हे खरे. पण त्याची ओळख एकदाच वापरली गेली आणि तिचे रोख पैशात रूपांतर झाले. तो १७६८ मध्ये वारला तेव्हा कार्टरचे दुःख मैत्रीतले होते. तिच्या डोक्यावरचे छप्पर तसेच राहिले. एल्स्टॉब आणि कार्टर यांच्या विद्वत्तेत किंवा पाठीराख्यांच्या चांगुलपणात मला फारसे अंतर दिसत नाही. अंतर पैसा कोणाच्या नावावर जमा झाला यात आहे.

एक बाजारी फरकही मान्य केला पाहिजे. सॅक्सन व्याकरण घेणारे थोडे, एपिक्टेटस घेणारे पुष्कळ. शिवाय कार्टर सतराव्या वर्षापासून एका लंडनी मासिकात लिहीत होती, तिचे नाव बाजारात रुळलेले होते. हा फरक माझ्या म्हणण्याला बळच देतो, कारण बाजाराने तिला जे दिले ते बिशपच्या मर्जीवर अवलंबून नव्हते.

५. ग्रंथालयातली कबुली

कार्टरच्या पुतण्या-भाच्यांपैकी एकाने तिचे चरित्र लिहिले, त्यात एक प्रसंग आहे. बायबलच्या इंग्रजी भाषांतरकारांनी पुरुषांची बाजू घेतली अशी कार्टरची तक्रार होती. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, एकच ग्रीक क्रियापद नवऱ्याच्या बाबतीत बायकोला टाकणे असे येते आणि बायकोच्या बाबतीत नवऱ्याला सोडून जाणे असे होते. म्हणजे टाकण्याचा अधिकार नवऱ्याचाच. सेकर म्हणाला, तुमची चूक आहे, चला ग्रंथालयात, दाखवतो. त्याने ग्रीक प्रत काढली, दोन्ही ओळी वाचल्या आणि चूक माझीच, असे तिच्यासमोर मान्य केले.

या प्रसंगाने माणूस सेकर मोठा ठरतो. पण कबुली ग्रंथालयाच्या चार भिंतींत राहिली. देवळादेवळांत वाचले जाणारे ते वाक्य होते तसेच राहिले, आणि असल्या चुका तपासणाऱ्या पंडितांच्या मंडळात कार्टरला बसवावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

त्याच सेकरच्या घरात कॅथरिन टॅल्बट (१७२१–१७७०) लहानाची मोठी झाली. ती एका बिशपची नात. तिच्या जन्माआधीच वडील गेले, आणि त्यांचा ऋणी असलेल्या सेकरने मायलेकींना कायमचे आपल्या घरी आणले. चाळीसहून अधिक वर्षे ती तिथे राहिली, सेकरची पत्रे आणि दानधर्म सांभाळत. आश्रय याहून जवळचा असू शकत नाही. तिने छापले किती? जॉन्सनच्या ‘रॅम्ब्लर’ या नियतकालिकाचा एक अंक आणि किरकोळ काही. लिहिलेले कागद ती खणात ठेवून देई आणि कार्टर तिला त्यावरून टोकत राही. आठवड्याच्या सात दिवसांवरची तिची चिंतने १७७० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, कार्टरने प्रसिद्ध केली आणि ती अनेक आवृत्त्यांत खपली.

तिचा स्वभावच संकोची होता, असे उत्तर मिळते. असेल. पण आर्चबिशपच्या घरातल्या बाईचे छापील वाक्य आर्चबिशपचे मानले जाणार, हे ओझे संकोच वाढवणारेच होते. आश्रयदात्याच्या जितके जवळ, तितके छापील नाव कमी.

६. वॉलब्रुकचा पुतळा

आश्रय मर्जीवर असतो म्हणजे काय, हे लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चने उघड्यावर दाखवले. तिथला वृद्ध रेक्टर थॉमस विल्सन हा इतिहासकार कॅथरिन मकॉलेचा (१७३१–१७९१) निस्सीम चाहता. त्याने बाथमधले आपले घर आणि ग्रंथसंग्रह तिच्या स्वाधीन केला, आणि १७७७ मध्ये, ती जिवंत असताना, तिचा संगमरवरी पुतळा चर्चच्या आत उभा केला. पुढच्याच वर्षी सत्तेचाळिशीच्या मकॉलेने एकवीस वर्षांच्या विल्यम ग्रॅहमशी लग्न केले. विल्सन संतापला, संबंध तुटले, पुतळा हलवला गेला.

यावर त्या काळच्या लंडनने पोटभर हसून घेतले. आपण पुढची पाने पाहू. मकॉलेने इंग्लंडच्या इतिहासाचे उरलेले तीन खंड १७८१ आणि १७८३ मध्ये पुरे केले, अमेरिकेला गेली, १७८५ मध्ये वॉशिंग्टनच्या घरी पाहुणी म्हणून राहिली. पुतळा गेला तरी तिच्या लेखणीचे उत्पन्न आणि कीर्ती तिची होती. एल्स्टॉबजवळ यातले काही असते तर ईव्हशमची वाट तिला धरावी लागली नसती.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की त्या काळी बायकांच्या संस्थेची कल्पनाच करता येत नव्हती, तेव्हा पाद्र्यांवर आजचा निकष का लादता? कल्पना करता येत होती, कारण अ‍ॅस्टेलने केली होती. आणि संस्था काढताही येत होत्या. हीच अ‍ॅस्टेल १७०९ मध्ये चेल्सीत गरीब मुलींसाठी धर्मादाय शाळा उभी करते तेव्हा कोणाला मठाची आठवण होत नाही. शिवण, वाचन आणि धर्मपाठ शिकून मोलकरीण होणाऱ्या मुलींची संस्था चालत होती. ग्रीक शिकून कोणाचीच न होणाऱ्या बायकांची चालत नव्हती. शतकाच्या शेवटी हॅना मोरला हाच अनुभव आला. लंडनचा बिशप पोर्टियस तिच्याकडे येऊन क्रांतीविरोधी पत्रके लिहून मागतो, ती लिहिते, बिशप खूश. पण तिने सॉमरसेटमध्ये शाळांचे जाळे विणले आणि शिक्षकांनी संध्याकाळच्या सभा घेतल्या, तेव्हा ब्लॅग्डन गावच्या पाद्र्याने रान उठवले. वाद वर्षानुवर्षे चालला. तिथली शाळा अखेर बंद झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आश्रय देणाऱ्या बायकांनी तरी वेगळे काय केले? एल्स्टॉबला राणी कॅरोलाइनने अनुदान दिले. १७३७ मध्ये राणी मेली आणि तेही आटले. मग पोर्टलंडच्या डचेसने तिला मुलांची शिक्षिका म्हणून घरी ठेवले. ती अखेरपर्यंत सुखात राहिली, पण तिचे सॅक्सन काम पुन्हा सुरू झाले नाही. याउलट एलिझाबेथ माँटेग्यूने कार्टरला वर्षाला शंभर पौंडांचे वर्षासन बांधून दिले. दोघीही स्त्रिया, दोघीही सुहृद. एकीने छप्पर दिले, दुसरीने उत्पन्न. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच पाद्री विरुद्ध बाई अशी मांडणी मी करत नाही.

८. वाँटेज, बॉस्टन, पुणे

मराठी वाचकाला या इतिहासाचे शेवटचे पान ओळखीचे वाटेल. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे गाठीशी बांधून पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे उतरल्या; तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांनी ती हाणून पाडली. रमाबाईंनी पत्रात आश्चर्य व्यक्त केले की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवायला माझ्या वडिलांची किंवा पतीची हरकत नव्हती, ती इथे निघावी! सेकरच्या काळातला साचा शंभराहून अधिक वर्षांनी तसाच होता. विदुषी कौतुकाची, तिचे अध्यापन अडचणीचे.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि त्यांनी नेमकी अ‍ॅस्टेलला न मिळालेली गोष्ट मिळवली. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन स्थापन झाली. अनेक गावांतल्या मंडळांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी द्यायचे मान्य केले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, काही पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातला सगळा आश्रय एका झटक्यात गेला. सदनाचा खर्च मात्र बॉस्टनच्या वर्गणीतून येत होता, आणि सदन चालू राहिले.